आठव्या वाराची पेठ आणि चिडलेले भाऊसाहेब

(पत्र लांब होतं, जागेसाठी थोडं कापलं आहे. नाव छापू नये अशी विनंती आहे.)

ताई, स. न. वि. वि.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला माणूस. राहतो साताऱ्यातच. गेल्या दिवाळीत एका अंकात आमच्या शहरावर चार पानांचा मजकूर आला होता. साताऱ्यात सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा आहेत, हे इथं पोरंसुद्धा सांगतील. पण छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळात आठव्या वाराचीही एक पेठ होती, तिथं बाजार भरत असे आणि पुढं ती दप्तरातून गळाली, असं त्यात होतं. सनदेचा उतारा, चतुःसीमा, तळटिपा, गॅझेटिअरचा दाखला, सगळं रीतसर.

मला वाटलं, लिहिताना कुणाची तरी गफलत झाली असेल. लागलो शोधायला. १८८५ चं सातारा गॅझेटिअर चाळलं. वाईला भाचीकडे गेलो होतो, तिथं विश्वकोशातली साताऱ्याची नोंद वाचली. जुन्या सहकाऱ्याला गाठून सिटी सर्व्हेच्या शीटबद्दल विचारलं. इथल्या ‘चार भिंती’ नावाच्या ठिकाणी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींना सांगितलं, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही सविस्तर टाकलं. मग नात सुट्टीला आली. तिनं वाचलं आणि पोट धरून हसली. ‘आजोबा, ही गोष्ट आहे!’

उभी नोकरी बनावट कागद पकडण्यात गेली आणि म्हातारपणी एका कथाकारानं मला बनवलं. संपादकांना कडक पत्र लिहून पाकिटात घालून ठेवलं आहे. टाकू का पोस्टात? आणखी एक. नातीला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. ती चार पानं मी त्यानंतरही परत परत वाचली. राग येतो आणि वाचावंसंही वाटतं. हे काय आहे?

— एक फसलेला वाचक, सातारा

*

भाऊसाहेब,

तुमच्या खात्यात सगळेच एकमेकांना भाऊसाहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पाकीट आहे तिथंच राहू द्या. पत्रासोबत त्या चार पानांची झेरॉक्स जोडलीत ते फार बरं केलंत, नाहीतर मला अंदाजानंच बोलावं लागलं असतं. मी ती वाचली, मग तुमच्या टाचणांसकट पुन्हा वाचली. समासात पेन्सिलीनं ‘तपासणे’, ‘दाखला जुळत नाही’, ‘सदर सनद कोणत्या रुमालात?’ असं तुम्ही जागोजागी लिहिलं आहे. खरं सांगू का, मूळ मजकुराइतकीच मजा मला त्या समासात आली.

आधी त्या लेखकानं काय केलं ते बघू. प्रतापसिंह महाराज खरे. ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट होता हे खरं, त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला हेही खरं. १८३९ मध्ये इंग्रजांनी महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, तेही खरं. मंगळवार तळं, गुरुवार परज, बुधवार नाका ही तर तुमच्या रोजच्या पायाखालची नावं. अशी खरी माणसं, खरी सालं आणि खऱ्या जागा दाटीवाटीनं मांडायच्या आणि मधे एवढीशी जागा सोडून तिथं आठवी पेठ बसवायची, असं ते काम आहे. १८३९ च्या धामधुमीत पेठ दप्तरातून गळाली, हे वाक्य वाचताना अडखळायला होत नाही. त्या धामधुमीत खरोखरच काय काय गळालं असेल, असं आपल्याला आधीपासूनच वाटत असतं.

पण त्यानं तुम्हाला पुरतं बांधून घातलं नव्हतं, भाऊसाहेब. सनदेची तारीख बघा: ‘शके १७४४, आषाढ वद्य षोडशी’. पंधरवड्यात पंधरा तिथी. षोडशी आणायची कुठून? तुम्ही तिच्याखाली रेघ मारून ‘मुद्रणदोष?’ असं लिहिलं आहे. चतुःसीमा तर त्याहून बहारीची: ‘पूर्वेस शनिवार, पश्चिमेस रविवार, दक्षिणेस अजिंक्यतारा, उत्तरेस उद्या’. इथं तुमची पेन्सिल दोनदा फिरली आहे आणि शेजारी लिहिलं आहे, ‘उद्या = आडनाव असावे’.

मी हसले, पण नातीसारखी नाही. आयुष्यभर चतुःसीमा वाचलेला माणूस उत्तरेला कुणीतरी लगतधारक असणारच हे धरून चालणार. कुणाचं आडनाव चमत्कारिक असलं म्हणून मोजणी थांबत नाही. नातीला ती ओळ लगेच विनोद वाटली, कारण तिनं आजवर एकही चतुःसीमा गंभीरपणे वाचलेली नसणार. तुम्हाला ती विनोद वाटली नाही यात तुमच्या कामाची सवय दिसते, भोळेपणा मला तरी दिसत नाही.

आता तुमचा मुख्य आरोप. उभी हयात बनावट कागद पकडले आणि इथं मात्र फसलो. बनावट कागद तुम्ही माझ्यापेक्षा हजारपट जास्त पाहिले असतील. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं आणि गावोगावच्या इनामदारांना सनदा दाखवाव्या लागल्या. तेव्हापासून आजतागायत खोट्या कागदामागचा हेतू एकच असतो, जमीन. स्टँप पेपर जुना, शाई नवी. विक्रेत्याचा शिक्का एका सालचा, मजकूर दुसऱ्या सालचा. करणारा हे सांधे लपवायला जिवाचं रान करतो, कारण सांधा दिसला की जमीन गेली आणि वर फौजदारी.

या कथाकारानं सांधा कुठं ठेवला? पहिल्याच पानावर, तारखेत. दुसरा चतुःसीमेत, म्हणजे तुमच्यासारखा वाचणारा सगळ्यात आधी जिथं बघणार तिथं. आणि त्याला तुमच्याकडून हवं काय होतं? जमीन नको, मत नको, वर्गणी नको. तुम्ही गॅझेटिअर उघडावं एवढंच हवं होतं, आणि ते तुम्ही उघडलंत. बनावट दस्त करणाऱ्याला वाटत असतं की कुणी तपासायला येऊच नये. हा गडी तुमची वाट बघत बसला होता.

तरीही एका गोष्टीत माझं तुमच्याशी जमत नाही, आणि ती अंकातली नाही. ती तुमच्या ग्रुपवरची आहे. तुम्ही जे ‘सविस्तर टाकलं’ त्यात षोडशी गळाली, ‘उत्तरेस उद्या’ गळालं, लेखकाचं नाव गळालं. (तुम्हीच जोडलेल्या स्क्रीनशॉटवरून सांगते.) उरलं काय, तर प्रतापसिंह महाराज, १८३९ आणि हरवलेली पेठ. म्हणजे जो सांधा लेखकानं मुद्दाम उघडा ठेवला होता तो तुम्ही लिंपून टाकलात, आणि आता तो मजकूर इतिहास म्हणून फिरायला मोकळा झाला. पूर आला की कोयना धरणाबद्दल काय काय फिरतं ते तुम्ही दर पावसाळ्यात बघता. तेही कुणीतरी कुठूनतरी अर्धं उचललेलंच असतं. तेव्हा हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा. ग्रुपवर सरळ लिहा की ही कथा होती, कथाकार अमुक, अंक अमुक, मूळ चारही पानांचे फोटो सोबत. ‘मला फसवलं’ असं लिहू नका आणि माफीनामाही नको. ज्यांना वाचायचं ते वाचतील आणि उद्या सकाळी चार भिंतीवर वाद रंगेल. कुणी शाळेच्या प्रकल्पात आठवी पेठ लिहून द्यायच्या आत एवढं झालं पाहिजे.

अंकानं वर ‘कथा’ असं छापायला हवं होतं का? तुमच्या कडक पत्रातला हा एकच मुद्दा मला विचार करण्याजोगा वाटला. माझं मत, नको. माथ्यावर ‘कथा’ छापलं असतं तर तुम्ही ती चार पानं पाच मिनिटांत वाचून अंक रद्दीत टाकला असता. पु. ल. देशपांड्यांनी ‘मराठी वाङ्मयाचा गाळीव इतिहास’ लिहिला तेव्हा नावातच डोळा मारला होता, ती एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा चेहरा इस्त्री केल्यासारखा ठेवून बोलायची. त्यात सुरुवातीलाच ‘आता मी गंमत करणार आहे’ म्हटलं की सगळं संपलं. लेखकाच्या परिचयात ‘कथाकार’ असं छापलेलं झेरॉक्सवर दिसतंय. संपादकांनी त्यांच्या बाजूनं तेवढं केलं आहे.

ही तऱ्हा जुनी आहे आणि तिचा सगळ्यात नावाजलेला कारागीर होर्हे लुईस बोर्हेस, अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसचा. जन्म १८९९, मृत्यू १९८६. पुढं तो तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला, तेही १९५५ साली, दृष्टी जवळजवळ गेल्यावर. त्याच्या दोन-तीन गोष्टी तुम्हाला सांगायलाच हव्यात, कारण त्यातली एक तर मुंबईशी संबंधित आहे.

१९३६ साली त्यानं निबंधांच्या पुस्तकात एका कादंबरीचं परीक्षण छापलं. कादंबरीचा लेखक मीर बहादूर अली, मुंबईचा वकील. पहिली आवृत्ती मुंबईची, १९३२ ची. पुढं लंडनच्या एका खऱ्याखुऱ्या प्रकाशकानं ती काढली आणि तिला एका खऱ्याखुऱ्या लेखिकेची प्रस्तावना. कथानक, गुणदोष, दोन आवृत्त्यांतला फरक, सगळं शिस्तीत. फक्त कादंबरी कधी लिहिलीच गेली नव्हती. बोर्हेसच्या एका मित्रानं लंडनहून तिची प्रत मागवली! तुम्ही सिटी सर्व्हेची शीट विचारलीत, त्यानं पुस्तकाची ऑर्डर दिली. तो काही अडाणी नव्हता, चांगला वाचणारा माणूस होता.

दुसरी १९४० ची. तुम्ही वाईला जाऊन विश्वकोश उघडलात ना, या कथेतली माणसंही तेच करतात. जेवणानंतरच्या गप्पांत एकजण कुठल्याशा देशाचं नाव घेतो आणि ते अमुक ज्ञानकोशात वाचल्याचं सांगतो. कोश काढतात, तर नोंद नाही. दुसऱ्या दिवशी तो आपली स्वतःची प्रत बघतो, तर त्यात आहे! खंड सेहेचाळिसावा. बाकीच्या प्रतींत पानं ९१७, याच्या प्रतीत ९२१. चार पानं जास्तीची, त्यात एक देश. कथेच्या शेवटी एक टीप आहे आणि तिच्यावर साल घातलं आहे १९४७. मासिकात कथा आली १९४० साली. त्या वेळच्या वाचकानं सालाकडे नीट बघितलं असतं तर सात वर्षं पुढची तारीख त्याच्या हातात होती. आपला ‘उत्तरेस उद्या’ याच घराण्यातला. तुमच्या कथाकारानं बोर्हेस वाचला असणार, मी पैजेवर सांगते.

तिसरी खास तुमच्यासाठी, १९४६ ची, जेमतेम एका परिच्छेदाची. एका साम्राज्यात नकाशाशास्त्र इतकं पुढं जातं की प्रांताचा नकाशा शहराएवढा होतो, मग साम्राज्याचा नकाशा प्रांताएवढा. तरी समाधान नाही, म्हणून साम्राज्याच्याच मापाचा, तंतोतंत त्याच्यावर बसणारा नकाशा काढतात. पुढच्या पिढ्यांना त्याचा उपयोग दिसत नाही, ते तो उन्हापावसात टाकून देतात. खाली आधार दिला आहे १६५८ सालच्या एका प्रवासवर्णनाचा. तेही अर्थात बनवलेलं. तुम्ही १:५०० च्या शीटवर वाकून डोळे मोडलेत, तेहेतीस फुटांची शंकू साखळी ओढलीत, गुंठ्या-आण्यांवरून भांडणारे भाऊ बघितलेत. एकास एक नकाशा मागणारे अर्जदार तुम्हाला नक्की भेटले असतील. ही गोष्ट मला जितकी कळते त्याहून तुम्हाला जास्त कळेल.

आपल्याकडेही हे आहे. जयंत नारळीकरांच्या एका कथेत प्रा. गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन येतात जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं. पुरावा म्हणून त्यांच्या खिशात बखरीचं एक पान उरतं. आपल्या बखरीत विश्वासराव गोळी लागून पडतात, त्या पानावर गोळी कानाजवळून निघून जाते. सगळा इतिहास तेवढ्यावर फिरतो. हेच नारळीकर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं उतरले होते. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिला क्रमांक मिळाला.

शिवाय तुम्ही साताऱ्याचे! खरं-खोटं एकमेकांत गुंतलेलं बघायची सवय या गावाला असायला हवी. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि ताराबाईंनी लपवून वाढवलेला आपला नातू म्हणून रामराजा गादीवर आला. पुढच्याच वर्षी त्याच ताराबाईंनी त्याला किल्ल्यावर कैद केलं आणि तो आपला नातू नव्हेच असं जाहीर केलं. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथेवरही तेच सांगितलं. तरी छत्रपती तोच राहिला. ही गोष्ट कुणी कथा म्हणून दिवाळी अंकाकडे धाडली असती तर संपादकांनी ‘पटत नाही’ म्हणून परत केली असती. आणि महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांबरोबर सरस्वती आणि भागीरथीही सांगतात, त्यातली सरस्वती साठ वर्षांनी एकदा प्रकटते म्हणे. तिथं आपण हात जोडतो, कुणी संपादकांना पत्र लिहीत नाही.

तुम्ही विचारलंत, राग येतो आणि वाचावंसंही वाटतं, हे काय. मला दिसतं ते असं. पहिल्या वाचनात तुम्ही पेठ शोधत होतात. ती नाही हे कळल्यावर राग आला, तो रास्त, कारण दगदग झाली, वाईपर्यंत गाडीभाडं गेलं नसलं तरी भाचीसमोर कोश उघडून बसलात. पण दुसऱ्या वाचनापासून तुम्ही पेठ शोधायचं सोडलंत आणि जोडकाम बघायला लागलात. तुमची समासातली टाचणंच साक्ष देतात. आधीची पेन्सिलीतली आहेत, तपासणीची. मग निळ्या बॉलपेनातली सुरू होतात: ‘इथे बरे जमवले आहे’, ‘हे वाक्य खऱ्या सनदेतून उचललेले दिसते’. एके ठिकाणी तर ‘वा!’ आहे. नातीला ही बॉलपेनची टाचणं दाखवा. ती एकदाच वाचून हसली, सांध्यापर्यंत पोचली की नाही कोण जाणे. तिला विचारा, षोडशी दिसली होती का?

राहिलं संपादकांना पत्र. कडक पत्र पाठवू नका. गेलं तर ते ‘वाचकांची पत्रे’मध्ये दोन ओळींत छापतील आणि खाली ‘वाचकांनी खिलाडूवृत्तीनं घ्यावं’ असं टाकतील. ते वाचून तुमचं डोकं आणखी फिरेल. त्याऐवजी दुसरं लिहा, आणि हे फक्त तुम्हीच लिहू शकता. आठव्या पेठेची मोजणी करा. हद्द कायम करण्याच्या मोजणीचा रीतसर अहवाल. अर्जदार, मोजणीचा प्रकार, सिटी सर्व्हे नंबर, वहिवाट कुणाची, हजर कोण, गैरहजर कोण. तारीख अर्थात वद्य षोडशी, मोजणीला जायचा मुहूर्त तोच. पूर्वेचे आणि पश्चिमेचे लगतधारक हजर, दोघांनीही सदर पेठ आपल्याच हद्दीत असल्याची हरकत नोंदवली. उत्तरेचे लगतधारक उद्या यांस रीतसर नोटीस बजावली असता येतो म्हणाले, परंतु हजर राहिले नाहीत. सबब उत्तरेची हद्द कायम करता आली नाही.

एक पथ्य पाळा. विनोद करायला जाऊ नका. तुमची खात्याची भाषा जशी आहे तशीच ठेवा, ‘सदर’, ‘सबब’, ‘उपरोक्त’सकट, जितकी कोरडी तितकं बरं. खाली नाव आणि निवृत्तीपूर्वीचा हुद्दा घाला आणि संपादकांकडे पाठवा, लेखकापर्यंत पोचवावं अशी विनंती करून. पाकीट चिकटवण्याआधी स्थळप्रत मात्र काढून ठेवा.